सप्त्याचं तेल आणि नानांचा ट्रॅक्टर

आमच्या शिरोळकडच्या माणसाला बीड जिल्हा भेटतो तो उसाच्या फडात. दिवाळीच्या आगेमागे ट्रक येतात, ओढ्याकाठी खोप्या उभ्या राहतात, भल्या पहाटे कोयत्यांचा आवाज सुरू होतो आणि उन्हाळा लागला की एक दिवस सगळं रान मोकळं होतं. मग आम्ही म्हणतो, "गेले बीडवाले." कुठे गेले, तर बीडला. बीड म्हणजे काय, तर जिथून तोडीला माणसं येतात ते. आमचा भूगोल एवढ्यावर संपतो. यंदा मी त्या भूगोलात चार दिवस राहून आले आणि परतल्यापासून जो भेटेल त्याला तेच सांगत सुटले आहे. शेवटी सून म्हणाली, "आई, लिहून काढा एकदाचं." म्हणून हे.

मला तिकडे बोलावलं वंदनाने. वंदना आणि तिचा नवरा दत्तू कित्येक हंगाम आमच्या रानात तोडीला आले. नवरा-बायकोच्या जोडीला तोडीत एक कोयता म्हणतात, आणि टोळीतला सगळ्यात नीट कोयता यांचाच. पण वंदनाची आणि माझी ओळख फडातली नव्हे, परसातली. पीठ कमी पडलं की ती मागायला यायची आणि जाताना माझी भांडी घासून जायची, नको म्हटलं तरी. मी ओरडायचे, ती हसायची. असं आमचं जमलं.

दसऱ्याच्या आधी तिचा फोन आला.

"आक्का, औंदा आमी बहुतेक येत न्हाई. तुमीच या इकडं."

"का गं? तब्येत बरी हाय न्हवं?"

"तब्येतीला काय धाड भरलीय! मी ट्रॅक्टरचं तेल करायलेय."

मला वाटलं, बाईनं पंप टाकला. मग तिने नीट सांगितलं. वडे, भजी, पुऱ्या तळून तळून काळं झालेलं तेल गोळा करायचं, ते गाळायचं, त्यावर प्रक्रिया करायची आणि डिझेलच्या जागी ट्रॅक्टरला घालायचं. तिच्या बचत गटाला एका संस्थेने हे शिकवलं होतं आणि टाक्या-भांडीही दिली होती. "बायोडिझेल म्हणत्यात त्येला," ती म्हणाली. "पर इथं समदे जळकं तेलच म्हणत्यात."

"येताना काय आणू?"

"कायबी नको. आणायचंच असलं तर जळकं तेल आणा."

आमच्याकडे पाहुण्यांच्या घरी जाताना पेढे नेतात, गुळाची ढेप नेतात, गेलाबाजार खर्डा तरी. वापरलेलं तेल कुणी दिलं तर सात पिढ्यांचं भांडण होईल. तरी मी स्टँडवरच्या आमच्या वडेवाल्याकडे गेले आणि विचारलं, "तुमचं खराब तेल किती निघतं?" त्याला वाटलं, मला तपासणीवाल्यांनीच पाठवलंय. "वैनी, आम्ही रोज ताजं तेल वापरतो," असं देवाची शपथ घेऊन सांगायला लागला. त्याच्या वड्यांची भरपूर स्तुती केल्यावर कुठे त्याने बाकाखालून काळाकुट्ट डबा बाहेर ओढला. त्याने दिलं, चिवडेवाल्याने दिलं, आणि माझा कॅन भरला.

त्या कॅनने एसटीत माझी अब्रू घालवली. बुचाला प्लास्टिकची पिशवी बांधली होती, ती बार्शीच्या आसपास केव्हातरी फाटली. तेल हळूहळू पुढे पुढे सरकत एका मामांच्या नव्या कोऱ्या चपलांपर्यंत पोहोचलं. मामा उतरायला उठले ते थेट कंडक्टरच्या मांडीवर बसले.

"काय हाय ह्यात?" कंडक्टरने विचारलं.

"जळकं तेल."

"कुणाला नेताय?"

"पाहुण्यांना. भेट."

सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. मागची एक बाई तर मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाली, "बगा, कसली कसली नाती असत्यात." पण त्याच बाईने आपली जुनी ओढणी फाडून बूच पुन्हा बांधून दिलं आणि मामांनीही हसून चप्पल पुसली. त्या दोघांचे आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानते.

गेवराई

गेवराईला वंदना घ्यायला आली होती. फडातली वंदना मला ठाऊक होती: डोक्याला फडकं, अंगावर नवऱ्याचा जुना शर्ट, हाताला चरे. ही वंदना हिरव्या साडीत, खांद्याला पर्स लावून, हमरस्त्यावरच्या ट्रकांच्या गोंगाटात ताठ उभी होती. क्षणभर मी ओळखलंच नाही. तिने भर स्टँडवर वाकून पाया पडून घेतलं आणि लगेच कॅन उचलून हुंगला.

"आक्का, कावून एवढं वज्जं आणलं?" आणि पुन्हा हुंगून, "पर तेल चांगलं हाय. लई जळालं न्हाई."

पाहुणचाराची अशी पावती मला कधी मिळाली नव्हती.

उमापूरच्या रस्त्याने काळीपिवळीतून निघालो. आमच्याकडे रस्त्याने जाताना उसाच्या भिंती असतात, चार हातांपलीकडचं दिसत नाही. इथे नजर जाईल तिथवर उघडं काळं रान, मध्ये कपाशी फुटून पांढरी झालेली, वेचणीच्या बायका, आणि वर एवढं मोठं आभाळ की मला उगाच डोक्यावर पदर घ्यावासा वाटला. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेला होता. गाडीतले सगळे एकमेकांना एकच विचारत होते, "वापसा आला का?" म्हणजे जमीन पेरणीजोगी झाली का. ओल जास्त तर पेरता येत नाही, ओल गेली तर पेरून उपयोग नाही. मधले जे थोडे दिवस, तो वापसा. आमच्या पाटपाण्याच्या गावात हा शब्द आम्ही बोलायचा म्हणून बोलतो. इथे त्यावर माणसांची झोप अवलंबून असते.

वाटेत वंदनाने मला सगळी गोष्ट सांगितली. तिच्या नवऱ्याचे चुलते, नाना, यांच्याकडे वस्तीवरचा एकुलता ट्रॅक्टर. जुना, लाल. आजूबाजूची निम्मी रानं तेच पेरून देतात. नानांनी तेल वापरलं तर बाकीचे ट्रॅक्टरवालेही घेणार, वंदनाचं काम वर्षभर चालणार आणि दत्तूला गेवराईच्या हॉटेलांतून तेल गोळा करायचं काम मिळणार. नानांनी हो म्हटलं होतं, पण अट घालून: खालचं हरभऱ्याचं वावर या तेलावर पुरतं पेरून दाखवायचं. मध्ये ट्रॅक्टर बंद पडला तर पुन्हा नाव काढायचं नाही.

"आणि न्हाई जमलं तर?"

"तर ट्रक हायच की. मुकादमानं आमच्या कोयत्याची जागा धरून ठिवलीय. ट्रक भरंस्तोवर सांगा म्हणला." मग खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "लेक आठवीत हाय, आक्का. तिला माझ्या सासूपाशी ठिवून जातो. औंदा ती म्हणली, आई, तू जाय, मला काय वाटत न्हाई. ते ऐकल्यापून मला जाववत न्हाई."

मी तिचा हात धरला. माझ्याच उसासाठी ती त्या पोरीला सोडून यायची, हे मला माहीत होतं आणि नव्हतंही.

वस्तीवर

दारात वंदनाच्या सासूबाईंनी, गयाबाईंनी, माझ्यावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकलं, मगच आत घेतलं. बाई काटक, तोंडाने फटकळ, आणि माझ्यासारखीच चहात साखर कमी पडली तर बोलून दाखवणारी. आमची पहिल्या घोटालाच गट्टी जमली.

बसते न बसते तोच गटातल्या चौघी एकेक करून भेटायला आल्या आणि प्रत्येकीने माझ्या हातावर ओल्या खोबऱ्याचा तुकडा ठेवला. पाचवा गयाबाईंनी. मी मनात म्हटलं, काय सुंदर रीत आहे! आमच्याकडे पाहुण्याला चहा देऊन मोकळे होतात. मी तसं तोंडावर म्हटलंही, तर त्या एकमेकींकडे बघून लाजल्या. मला वाटलं, स्तुतीने लाजल्या.

अंगणापलीकडे पत्र्याची शेड होती. तिथे वंदनाने मला निळं पिंप दाखवलं, वर धुतलेलं फडकं बांधलेलं. शेजारच्या गावात नुकताच अखंड हरिनाम सप्ताह झाला होता. काल्याच्या दिवशी पंचक्रोशी जेवली, पुऱ्या आणि बुंदीच्या कढया दिवसभर उतरल्या नाहीत. एरवी तळून उरलेलं तेल एक तर भजीवाल्याकडे जायचं नाही तर ओढ्याला. यंदा वंदना गटातल्या बायकांना घेऊन सप्ताहाच्या मंडळींना भेटली. प्रसादाचं तेल यंत्राला घालायचं का, यावर पारावर बराच काथ्याकूट झाला. शेवटी एक म्हातारे म्हणाले, "पेरणीला जातंय ना? मंग देवाचंच काम हाय." आणि तेल मिळालं.

हे तेल तिने आदल्याच दिवशी गाळून, तापवून, त्यातलं पाणी पार उडवून ठेवलं होतं. "पाणी म्हंजी या कामाचा वैरी," ती म्हणाली. "चमचाभर ऱ्हायलं तरी घोटाळा."

जेवायला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची आमटी. भाजलेल्या डाळी, बाजरी आणि मसाला एकत्र दळलेलं पीठ म्हणजे येसर, त्याची ही दाट, तिखट आमटी. कोल्हापूरकडच्या माणसाने दुसऱ्याच्या रश्श्याला चांगलं म्हणायचं नसतं, तसा आमच्याकडे अलिखित कायदा आहे. मी तो मोडला आणि तीनदा वाढून घेतलं.

जेवणं चालू असताना नाना आले. उंच, टोपी कपाळावर ओढलेली. ते ओसरीवर बसले तशी वंदनाने पदर पुढे घेतला आणि चुलीच्या आड झाली. मग जे बोलणं झालं त्याची मला मोठी गंमत वाटली.

"गया, तिला म्हणावं तेल तयार हाय का," नाना म्हणाले.

"आत्या, नानांना सांगा, उद्या सकाळी बनवते, परवा वावरात देते," वंदना चुलीआडून म्हणाली.

गयाबाईंनी शब्दही पुन्हा उच्चारला नाही, नुसती मान हलवली. सगळ्यांना सगळं ऐकू गेलेलं होतं. चुलत सासऱ्याशी सुनेने समोरासमोर बोलायचं नाही, अशी इथली रीत. आमच्याकडे सुना सासऱ्याला समोर बसवून हिशेब विचारतात. मी हसू दाबून भाकरी मोडत राहिले.

पत्र्याच्या शेडात

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना हातमोजे घालून, तोंडाला रुमाल बांधून कामाला लागली. कॉस्टिक सोडा आणि मिथेनॉल नावाचा पातळ, विषारी द्रव यांचं मिश्रण कोमट तेलात घालून घुसळायचं. मिथेनॉल परवान्याने मिळतं आणि ते कुलपात ठेवलेलं. आम्हाला सगळ्यांना तिने दाराबाहेर उभं केलं. घुसळून थोडा वेळ ठेवलं की खाली काळपट चिकट गाळ बसतो आणि वर पिवळंधमक इंधन राहतं, असं ती सांगत होती. आम्ही वाट बघत बसलो.

बराच वेळ झाला. वंदना आतून बाहेर येईना. मग आली आणि पायरीवर बसली.

मी आत डोकावले. पिवळं नाही, काळं नाही. सगळ्या टाकीभर घट्ट, पांढुरकी लापशी झाली होती. वर फेस.

"साबण झाला," वंदना म्हणाली. "पाणी होतं तेलात. पर म्या तर समदं उडवलं होतं..." मग तिने मान वर करून विचारलं, "तेलाला कुणी हात लावलता का?"

"हात कुनीच न्हाई लावला," गयाबाई ठसक्यात म्हणाल्या. "नारळ फोडला."

"कुठं?"

"पिंपावर. तू आक्काला आणाया गेलतीस तवा."

मग एकेक उलगडा झाला. सप्त्याचं तेल म्हणजे प्रसाद, आणि त्यावर पहिल्यांदा ट्रॅक्टर चालणार, म्हणून पाचही जणींनी पूजा केली. प्रत्येकीने एक नारळ आणला. आणि प्रसादावरच्या नारळाचं पाणी जमिनीवर सांडू नये, पायदळी जाऊ नये, म्हणून पाचही नारळांचं पाणी त्यांनी मोठ्या भक्तिभावाने पिंपात सोडलं होतं. मला मिळालेलं स्वागताचं खोबरं ते हेच.

मला हसू फुटणार होतं, पण वंदनाचा चेहरा बघून ते जागच्या जागी विरलं. चौघीजणी खाली बघत होत्या. गयाबाईंचं तोंड मात्र अजून फणकाऱ्यातच होतं. मग तेच तोंड एकदम वाकडं झालं आणि त्या रडायला लागल्या.

"दर साली तुमी ट्रकात बसता," त्या म्हणाल्या, "आन मी आन पोर इथं तोंडाकडं तोंड बघत बसतो. म्हणलं, देवा, औंदा तरी माझी सून इथं ऱ्हाऊ दे. म्हणून फोडला नारळ. मला काय ठाव, देव साबण करील."

वंदना उठली आणि सासूला तिने कवेत घेतलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या. माझे डोळे भरून आले ते मी पदराने पुसले, आणि ते कुणी बघितलं तरी मला त्याचं काही वाटलं नाही.

डोळे पुसून झाल्यावर गयाबाईंना वाटलं, साबणच झालाय तर भांड्याला तरी घ्यावा. "हात लावू नका! विषारी हाय!" वंदना ओरडली, आणि मग मात्र सगळ्याच हसलो.

पण वापसा हसत नव्हता. नानांनी वरच्या रानात डिझेलवर पेरणी सुरू केली होती. दत्तूने जाऊन त्यांना झालं ते सांगितलं. नाना म्हणाले, "खालचं वावर परवा सकाळपर्यंत ठिवतो. त्याच्या पुढं वल ऱ्हात न्हाई." मला तर वाटतं, तो माणूस त्या दिवशीच 'नाही' म्हणून मोकळा झाला असता तरी कुणी त्याला बोल लावला नसता.

मग ज्या पाच जणींनी नारळ फोडले होते, त्याच पाच जणी घरोघर निघाल्या. मीही बरोबर. आमच्या गावात तळून उरलेलं तेल म्हणजे टाकाऊ. इथे वाटीभर उरलेलं तेल झाकून ठेवतात आणि चार दिवस फोडणीला पुरवतात. दसरा नुकताच झालेला, त्यामुळे घरोघर ती वाटी होती. आणि घरोघर ती वाटी आमच्या डब्यात रिकामी झाली. एक म्हातारी तर म्हणाली, "माझं लई थोडं हाय बाई, चालंल का?" आणि वाटीचा तळ बोटाने निपटून दिला. त्या घरात संध्याकाळी फोडणी कशाला घातली असेल, ते मला विचारवलं नाही. दत्तू मित्राला "चल बे, बस मागं" म्हणून मोटारसायकलवर घेऊन गेवराईला गेला आणि दोन हॉटेलांतून डबे भरून आणले. माझा तो वात्रट कॅनही त्यातच ओतला.

वंदनाने सगळं पुन्हा गाळलं, पुन्हा तापवलं. तेल तडतडायचं थांबेपर्यंत ती कढईपासून हलली नाही. या वेळी पिंपाशेजारी गयाबाई स्वतः काठी घेऊन बसल्या. मांजरसुद्धा फिरकू दिलं नाही.

रात्री तिने मिश्रण घालून घुसळून ठेवलं आणि दुसऱ्या सकाळी टाकीतून काचेची बाटली भरून उजेडात धरली. खाली काळपट थर, वर मधासारखं स्वच्छ पिवळं. एकदा इंधन तयार झालं की पाण्याचं वैर संपतं; तो दिवस ते वरचं इंधन पाण्याने धुण्यात आणि परत वाळवण्यात गेला. त्या दिवसाचं मला आठवतं ते एवढंच की वंदना जेवली नाही, आणि तिने जेवावं म्हणून गयाबाईंनी केलेली गरम धपाटी मला खावी लागली.

खालचं वावर

पेरणीच्या दिवशी सगळी वस्ती बांधावर. नानांनी टाकीतलं डिझेल काढून घेतलं होतं. दत्तूने वंदनाचं तेल ओतलं. नानांनी किल्ली फिरवली. ट्रॅक्टर एकदा खाकरला आणि लागला. धूर नेहमीपेक्षा कमी, आणि वास थेट काल्याच्या पंगतीचा. बांधावरच्या कुणीतरी "पुंडलिक वरदे" म्हणून गर्जना केली.

मागे पेरणी यंत्र, काळ्या जमिनीत सरळ तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, पडत होती. वंदना पदर दातात धरून उभी होती. निम्मं वावर झालं. निम्म्याच्या पुढे थोडं गेलं. मग आवाज बदलला. ट्रॅक्टरला उचकी लागल्यासारखं झालं, एकदा, दोनदा, आणि तो मध्येच बंद पडला.

नाना खाली उतरले, हाताची घडी घालून उभे राहिले. दत्तू धावत गेला आणि त्याने डिझेलचा फिल्टर खोलला. आतून डांबरासारखी काळी घाण निघाली.

"हे बग तुझ्या बायकूचं तेल," नाना म्हणाले.

दत्तूने मान खाली घातली. गयाबाई लांब, बांधाच्या त्या टोकाला. निरोप न्यायला मध्ये कुणी नव्हतं. आणि मी पाहिलं, वंदना ढेकळांतून चालत सरळ नानांसमोर जाऊन उभी राहिली. तिचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता. तिने तो सावरला नाही.

"नाना," ती म्हणाली, "ही घाण माझी न्हाई. माझं तेल पिवळं हाय, टाकीत बघा. ही तुमच्या टाकीच्या बुडाला बसलेली जुनी घाण हाय. डिझेल तिला हलवत न्हाई, माझं तेल सोडवून आणतं. पहिल्या खेपेला असं हुतंच, आमाला शिकवलंय. म्या नवा फिल्टर आणलाय. तुमी म्हणाल तर बसवते. न्हाई म्हणाल तर घरी जाते."

तिचा एकही शब्द अडखळला नाही. अट मोडली होती हे तिलाही ठाऊक होतं आणि नानांनाही. आणि सुनेने असं तोंडावर बोलावं, हे त्या वावरात बहुधा पहिल्यांदाच घडत होतं.

नानांनी दत्तूच्या हातातून तो फिल्टर घेतला. ती काळी घाण दोन बोटांत चोळली. टाकीचं झाकण काढून आत बघितलं. पुन्हा बोटं चोळली. मला वाटतं माझ्या सगळ्या प्रवासातला सगळ्यात लांब वेळ तो होता.

"माझीच हाय," नाना म्हणाले. मग बोटं धोतराला पुसून, "बसव."

वंदनाने पर्समधून फिल्टर काढला. स्टँडवर मला जिचं कौतुक वाटलं होतं त्या पर्समध्ये ती आरसा-कंगवा नव्हे, हे घेऊन फिरत होती. तिने तो बसवला, दत्तूने पाइपातली हवा काढली, नाना वर चढले. या वेळी ट्रॅक्टर वावराच्या शेवटच्या तासापर्यंत थांबला नाही. शेवटचं वळण घेऊन नानांनी तो बांधाला लावला आणि खाली उतरून, गयाबाईंकडे न बघता, सरळ वंदनाकडे बघून बोलले.

"पुडल्या खेपेला दोन फिल्टर आण."

एवढंच. वंदनाला ते कळायला थोडा वेळ लागला. मला आधी कळलं, कारण मी ओरडले. शिरोळची बाई बीडच्या बांधावर अशी ओरडली की बैल बुजले. नाना पहिल्यांदा हसले. त्या माणसाला मी मनोमन हात जोडले. आपली घाण आपली म्हणणारी माणसं मी आमच्याकडेही फार बघितलेली नाहीत.

ट्रक

दुसऱ्या दिवशी दुपारी टोळीचा ट्रक वस्तीच्या रस्त्याला लागला. पत्र्याच्या पेट्या, कोयत्यांचे गठ्ठे, पीठ, सरपण, शेळ्या, कडेवरची पोरं. मी वस्तीवर जे चेहरे चार दिवस बघितले होते, त्यातले निम्मे चढत होते. तेल देणारी ती म्हातारीही लेकाला निरोप द्यायला आली होती. ट्रक आमच्याच भागातल्या कारखान्याला जाणार होता, तेव्हा मी मुकादमाला म्हटलं, मलाही घे. तो घाबरला. "आक्का, तुमी? ह्यात?" मी म्हटलं, "तुम्ही जाता ते काय माणसं न्हाईत?"

मुकादमाने दत्तूला शेवटचं विचारलं. दत्तूने वंदनाकडे बघितलं. वंदनाने मान हलवून नकार दिला. मुकादम भला माणूस. "बरं झालं," म्हणाला आणि फाळका लावायला गेला.

मी वर चढले तेव्हा बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, पण केबिनच्या पाठीमागे, वारा न लागणारा एक कोपरा मोकळा होता. त्यात कुणी बोचकंही टाकलं नव्हतं. "तितं बसा, आक्का," एक जण म्हणाली. "वंदनाची जागा हाय." मी बसले. अंग चोरून बसावं लागतं तिथे, पाय लांब करता येत नाहीत. या एवढ्या जागेत बसून ती दर वर्षी माझ्या दारी आली होती. आता माझ्या परसात पीठ मागायला ती येणार नाही आणि नको म्हटलं तरी भांडी घासणार नाही. त्याचं मला वाईट वाटलं. आणि ती येणार नाही म्हणून एवढा आनंद झाला की वाईट वाटणं त्यात कुठल्या कुठे गेलं.

ट्रक हलला. वरच्या सगळ्यांनी खाली हात केले. खाली वंदना उभी होती, शेजारी लेक, शेजारी सासू. तिने आजवर दर वर्षी वरून हात केला होता. खाली उभं राहून जाणाऱ्यांना निरोप कसा द्यायचा, ते तिला ठाऊकच नव्हतं. ती हात बाजूला सोडून, रडत, हसत, नुसती बघत राहिली.

गयाबाईंना मात्र त्याची सवय होती. त्यांनी सुनेचं मनगट धरलं आणि तिचा हात वर केला.